गादीच्या पलीकडून

दाभण पलीकडे गेलं आणि परत आलं नाही. गादीवाला तळहात सैल सोडून उभा राहिला. गादी नेहमीसारखी दोन खांबांमध्ये कडेवर उभी होती, त्याच्या खांद्याहून उंच, आणि तिच्या अलीकडे तो होता. त्याने कापसाचा गोंडा दोऱ्याच्या घडीत बसवला होता, दोऱ्याची दोन्ही टोकं दाभणाच्या नेढ्यात ओवली होती, दाभण खुपसून तळव्याने पार रेटलं होतं. आता पुढचं टोक कुठून डोकावतं एवढंच बघायचं होतं. टोक डोकावलं नाही. पलीकडे दोरा नेढ्यातून सुटला आणि दाभण फरशीवर पडून खणकन वाजलं. ‘‘काय गं, हात कापतायत का आज?’’ तो म्हणाला. मोठ्यांदा म्हणाला, नेहमीच्या आवाजात, थोडं चिडवत. मग दुकानात काहीच हललं नाही. शेजारच्या गाळ्यात किल्लीवाल्याचं यंत्र घरघरत होतं, तेही थांबलं. त्याची बायको जाऊन महिना उलटून गेला होता, आणि भर दुपारी, दोन्ही डोळे उघडे असताना, हातात काम असताना, तो ते विसरला होता.

‘‘मला म्हणालास का रे?’’ किल्लीवाल्याने भिंतीआडून विचारलं.

‘‘हो. तुलाच.’’

‘‘माझे हात बरे आहेत. तू तुझे सांभाळ.’’ आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

हा किल्लीवाला तोंडाचा फटकळ. आल्यागेल्याची टिंगल केल्याशिवाय त्याला चहा जायचा नाही. त्याला सगळं ऐकू गेलं होतं, सगळं कळलं होतं, आणि तरी त्याने ते वाक्य स्वतःच्या अंगावर घेतलं, पडणाऱ्याच्या बगलेत पटकन हात घालावा तसं. गादीवाल्याला त्या क्षणी रडू आलं नाही, पण किल्लीवाल्याचे आभार मानावेत असं फार वाटलं. आभार मानले असते तर तो म्हणाला असता, ‘उन्हात बसलास का?’ म्हणून तो गादीला वळसा घालून पलीकडे गेला आणि वाकून दाभण उचललं.

लोकांना वाटतं, गादी म्हणजे खोळीत कापूस कोंबला आणि चार टाके मारले. पण टाका एकट्याचा नसतो. तो अलीकडून दाभण द्यायचा, ती पलीकडून घ्यायची, दोऱ्याची टोकं सोडवायची, त्यांच्यात आपल्या बाजूचा गोंडा धरून आवळायची, गाठ मारायची आणि रिकामं दाभण पुढच्या टाक्याच्या जागी परत खुपसायची. त्याचं टोक जिथे बाहेर येईल तिथे त्याचा पुढचा टाका. ती होती तोवर त्याने कधी पट्टी लावली नाही की खडूची खूण केली नाही. गिऱ्हाईक विचारायचं, ‘इतके सारखे टाके कसे हो पडतात?’ तेव्हा तो नुसती मान डोलवायचा, जसं काही ते त्याचंच कसब. पलीकडून ‘हं’ असा एक आवाज यायचा. भांडण झालेलं असलं की दाभणाचं टोक जरा जोरात बाहेर यायचं, आणि तो पोट आत घ्यायचा. त्यांच्या संसारातलं निम्मं बोलणं असं कापसातून गाळून झालं होतं. तिचा चेहरा दिसायचा नाही, आवाज मात्र यायचा, कडा नसलेला, ऊबदार. मुलगी पोटात असल्याचंही तिने तसंच सांगितलं. ‘‘अहो, ऐकलं का?’’ ‘‘दोरा संपला का?’’ ‘‘दोरा आहे. आपण तिघं होणार.’’ तो धावत वळसा घालून गेला तेव्हा ती म्हणाली, ‘‘आधी ते दाभण खाली ठेवा.’’ तेवढं त्याला लख्ख आठवत होतं. पण असं म्हणताना ती हसत होती का, स्टुलावर बसली होती की उभी होती, हे आठवायला गेलं की तिथे गादीच उभी राहायची.

आणि हल्ली अशा गाद्या जागोजागी उभ्या राहू लागल्या होत्या. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधायचा, हे चालायचंच, ते सगळ्यांचंच होतं. गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप दारापर्यंत टिकायचं नाही, तेही चालून जायचं. पण परवा बसल्या बसल्या त्याच्या मनात आलं की तिच्या भुवईवरचा तीळ डावीकडे की उजवीकडे, आणि तो उजवीकडे म्हणून मोकळा झाला. मग खात्री करावी म्हणून फोटो बघितला. तीळ डावीकडे होता. फोटोला विचारावं लागलं आणि वर आपण खोटे ठरलो, याची त्याला इतकी शरम वाटली की त्याने फोटो पालथा ठेवला आणि थोड्या वेळाने, तिला कशाला शिक्षा, म्हणून पुन्हा सरळ केला. माणूस एकदा जातं ते त्याच्या हातात नव्हतं. पण आता ती दुसऱ्यांदा जात होती, थोडीथोडी, त्याच्याच डोक्यातून, आणि तिथला राखणदार तर तोच होता.

हे का होतंय ते त्याला ठाऊक होतं, कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच. तो झोपत नव्हता. झोप येत नव्हती असं नाही. झोप यायची, चांगली दांडगी यायची, तोच तिला दारात अडवून धरायचा. लाकडी खुर्चीत बसायचा, दिवा चालू ठेवायचा, मान पडली की दचकून सावरायचा. सगळ्या गावाला गाद्या शिवून देणारा माणूस पाठ टेकायला घाबरत होता. कारण झोपेचं त्याला भय नव्हतंच, भय होतं जागं होण्याचं. ती गेल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत तो थकून गाढ झोपला होता आणि सकाळी डोळे उघडले तेव्हा सगळं ठीक होतं. नळ वाहतोय, ती आत असेल. एवढा एक विचार, पापणी लवायला लागते तेवढाच. मग कुणीतरी येऊन सांगावं तसं त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, नळ, ती आत असेल, आणि मग कळणं. रोज नव्याने, रोज पहिल्यांदा. बातमी आणणाऱ्याला जसं काही माहीतच नव्हतं की ती आधीच पोचवून झाली आहे. एखाद्या ढ मुलाला तोच धडा रोज शिकवावा आणि त्याने रोज पाटी कोरी घेऊन यावं, तसं त्याचं डोकं ती गोष्ट शिकायलाच तयार नव्हतं. तेव्हा त्याने ठरवलं की झोपायचंच नाही, म्हणजे कोरं व्हायचंच नाही. जागा असेपर्यंत त्याला पक्कं माहीत होतं ती नाही ते. त्या दुपारी दाभण पडलं आणि ते पक्कं माहीत असणंही हातचं गेलं. झोपावं तर ती रोज सकाळी मरणार. न झोपावं तर ती थोडीथोडी पुसली जाणार. या दोहोंमधून तिला कुठून सुखरूप न्यावं, ते त्याला कळत नव्हतं.

हातातलं काम झोपबाईंचं होतं. हे नाव किल्लीवाल्याने ठेवलेलं. बाई झोपेचा अभ्यास करायच्या. मोठ्या इमारतीत त्यांच्या काही लहान लहान खोल्या होत्या. तिथे लोकांना बोलवायचं, काहीतरी शिकवायचं, मग काहींना दुपारी झोपवायचं आणि काहींना जागं ठेवायचं, आणि नंतर विचारायचं, काय आठवतंय. तिथल्या फोमच्या गाद्यांवर माणसांना घाम यायचा, झोप लागायची नाही, म्हणून बाईंना कापसाच्या गाद्या हव्या होत्या. हे काम तिने घेतलेलं होतं, जाण्याआधी थोडेच दिवस. ‘‘म्हणजे झोपण्याचा पगार मिळतो होय?’’ असं तिने बाईंना विचारलं होतं आणि बाई खूप हसल्या होत्या. ती गेल्यावर बाईंनी निरोप पाठवला, घाई नाही, सवडीने करा. घाई गादीवाल्यालाच झाली. तिने घेतलेलं शेवटचं काम, ते पडून राहिलं तर लोक म्हणतील, हा एका हाताचा होता. पहिली गादी त्याने एकट्याने केली. अलीकडून दाभण खुपसायचं, वळसा घालून पलीकडे जायचं, गाठ मारायची, पट्टीने माप घेऊन दाभण परत खुपसायचं, पुन्हा वळसा. संध्याकाळपर्यंत तो आपल्याच दुकानात कोसभर चालला असेल. आणि गाठी मारल्या त्या साध्या निरगाठी, त्याच दिवशी, एकदम पक्क्या. दुसरी गाठ त्याला येतच नव्हती.

तिची पद्धत तशी नव्हती. पहिल्या दिवशी ती फक्त सुरगाठी मारायची, ओढलं तर आवळणाऱ्या पण आपसूक न सुटणाऱ्या. मग गादी तशीच सोडून द्यायची. रात्रभरात कापूस दबतो, इकडचा तिकडे सरकतो, आपापली जागा धरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकेक गाठ पुन्हा ओढून बघायची, सैल पडलेली आवळायची आणि मगच वर निरगाठ घालायची. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायची, ‘‘आधी गादीला झोपू दे बाबा, मग तुला झोपवू.’’ हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातलं काही ऐकू यायचं बंद झालं होतं.

म्हणून मग ती पहिली गादी परत आली. बाई स्वतः टेम्पोत बसून घेऊन आल्या. त्यांना रागावता येत नसावं, आणि तरी त्या काहीतरी शोधत होत्या, सांगायला बरं पडेल असं. किल्लीवाला बाहेर येऊन गादीकडे बघत म्हणाला, ‘‘ही गादी आहे की होडी?’’ खरंच होतं ते. मधल्या गाठी सैल पडून कापूस दोन्ही कडांना पळाला होता, आणि झोपणारा मधल्या घळीत.

‘‘चूक माझी आहे, बाई,’’ गादीवाला म्हणाला. ‘‘गाठी त्याच दिवशी पक्क्या केल्या. कापूस बसायच्या आत.’’

‘‘आमच्याकडेही असंच होतं,’’ बाई म्हणाल्या, आणि स्टुलावर बसल्या. ते स्टूल पलीकडचं होतं. तो उठा म्हणणार होता, पण म्हणाला नाही. ‘‘माणूस दिवसा काहीतरी शिकतो ना, ते आधी सैलच असतं. झोपेत ते जागेवर बसतं. शिकून लगेच जागंच ठेवलं माणसाला, तर दुसऱ्या दिवशी बरंचसं सुटलेलं असतं. चित्रं असोत, शब्द असोत, हाताचं काम असो.’’

‘‘हाताचंही?’’

‘‘हाताचं तर फारच. बोटं दिवसभर चुकतात आणि झोपून उठलं की जमायला लागतात. झोपेत कुणी सराव करून घेतल्यासारखी.’’

गादीवाला बराच वेळ दोऱ्याचा गुंडा फिरवत राहिला. मग त्याने विचारलं, ‘‘आणि जे नकोय ते? म्हणजे, माणसाला नको असलेली गोष्ट. तीपण पक्की होते का झोपेत?’’

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांचं उत्तर तयार नव्हतं, हे त्याला बरं वाटलं. ‘‘होते,’’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘‘होते ती पक्की. आमच्यातले काही म्हणतात, गोष्ट राहते पण तिची धार उतरते. काही म्हणतात, तसं नाही. मला खरंच माहीत नाही, काका. तुम्ही किती दिवस झोपला नाहीत?’’

‘‘पुढची गादी नीट देतो,’’ तो म्हणाला.

बाई गेल्या. होडी दुकानातच राहिली. तेव्हा दुखावल्यासारखं झालं होतं, पण पुढे त्याला या बाईंचे उपकारच वाटत राहिले. नाहीतर त्यांनी गादी तिथल्या तिथे टाकून दिली असती, दुसरीकडून मागवली असती, आणि तो आपल्या निरगाठींवर खूश राहिला असता. शिवाय त्यांनी मला माहीत नाही असं म्हटलं होतं. त्या दिवसांत ज्याला त्याला सगळं माहीत असायचं. काळ हे औषध आहे, मन रमवा, मुलीकडे जा. या बाईंनी एक गोष्ट उघडी ठेवली आणि त्या फटीतून त्याला जरा वारा लागला.

मुलगी सुट्टीच्या दिवशी आली. ती शहरात बस चालवायची, पहाटेच्या पाळीला, आणि आल्या आल्या आईसारखी कमरेवर हात ठेवून दुकानाकडे बघायची. होडी बघून ती म्हणाली, ‘‘बाबा, हे काय? हिच्यात वल्ही कुठे ठेवायची?’’

‘‘किल्लीवाल्याचा विनोद आहे तो. तुझा नवीन काढ.’’

‘‘सुरगाठ नाही मारलीत?’’

‘‘मला येत नाही.’’

मुलगी बघतच राहिली. ‘‘तुम्हाला सुरगाठ येत नाही? इतकी वर्षं?’’

‘‘ती पलीकडे असायची,’’ तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण म्हणताना त्यालाच पहिल्यांदा कळलं की इतक्या वर्षांत तिचं काम त्याने एकदाही बघितलं नव्हतं. दुष्टपणाने नाही. गादी आड होती आणि दाभण वेळेवर परत यायचं.

‘‘मला येते,’’ मुलगी म्हणाली. ‘‘मी आईच्याच बाजूला वाढलेय. या इकडे.’’

ती त्याला पलीकडे घेऊन गेली, स्टुलावर बसवलं, आपण जमिनीवर बसली. बसण्याआधी दोघांनी परत आलेल्या गादीचे टाके उसवून कापूस सारखा केला होता आणि ती पुन्हा खांबांमध्ये उभी केली होती. दाभणाच्या मागे वळसा घालून तो इथे कितीदा आला होता, पण इथे बसला कधीच नव्हता. पाठीमागची भिंत एका जागी गुळगुळीत झाली होती, पाठ टेकून टेकून. खिळ्याला कापलेल्या दोऱ्यांचा झुबका लोंबत होता. आणि समोर, गादीच्या खालच्या कडेशी, वीतभर उजेडाची फट होती. तिच्यातून पलीकडची फरशी दिसत होती, तो जिथे उभा राहायचा ती.

‘‘इथून तुमचे पाय दिसायचे,’’ मुलगी म्हणाली. ‘‘आई पायांवरून सांगायची, आज बाबांचं बिनसलंय. तुम्ही रागावलात की डाव्या पायाचा अंगठा वर करता. ठाऊक आहे?’’

‘‘नाही.’’

‘‘करता. आई म्हणायची, ‘अंगठा खाली आला की चहा टाक, त्याआधी विचारू नकोस.’ ’’

तो हसला. आपण इतकी वर्षं अंगठ्याने बोलत होतो आणि कुणीतरी ते ऐकत होतं. तो गादीपुढे उभा राहायचा ते आपण एकटेच आहोत अशा बेफिकिरीने, आणि पलीकडून त्याची काळजी घेतली जात होती, पायांपासून वर. त्याला पाय जवळ ओढून घ्यावेसे वाटले.

मग शिकणं सुरू झालं. दोरा असा धरायचा, हा वरून, हा खालून, बोटाभोवती एक वेढा, त्या वेढ्यातून टोक काढायचं, अर्धंच काढायचं, आणि दुसरं ओढायचं. मुलगी करायची तेव्हा गाठ सुळकन सरकून बसायची. तो करायचा तेव्हा एक तर सुटायची नाही तर घट्टच व्हायची. ‘‘परत.’’ पुन्हा सुटली. ‘‘बाबा, अर्धंच टोक.’’ ‘‘अर्धंच काढलं.’’ ‘‘हे अर्धं? हे तर सगळंच आलं बाहेर.’’ त्याने तिने मारलेली गाठ जवळ घेऊन निरखली, कशी आहे ते बघायला हळूच सोडवली, आणि सोडवल्यावर हातात नुसता दोरा राहिला. गाठ कुठे होती ते त्या दोऱ्याला काही आठवत नव्हतं. त्याची बोटं जाड झाली होती, डोळ्यांपुढे दोन दोन दोरे यायला लागले होते. दुपार होईपर्यंत तो इतक्यांदा चुकला की त्याचा आवाज चढला. ‘‘तुझी गाडी चालव तू. गाठी शिकवू नकोस मला.’’

मुलीने वाकून त्याच्या पायाकडे बघितलं. ‘‘अंगठा,’’ ती म्हणाली.

त्याने अंगठा खाली केला.

‘‘बाबा, आता झोपा.’’

‘‘दिवसाउजेडी?’’

‘‘मला गाठ यायची नाही ना लहानपणी, मी रडायला लागले की आई दोरा काढून घ्यायची आणि गादीवर आडवं करायची. म्हणायची, हात दमलेत, त्यांना आता शिकवू नकोस, त्यांना झोपू दे. उठल्यावर यायची गाठ. दर वेळी नाही, पण यायची. तुम्ही नाही का बघितलंत?’’ आणि मग तिलाच कळलं की त्याने ते बघितलेलं नसणार.

मुलगी गादी खांबांमधून सोडवून जमिनीवर आडवी करायला लागली, आणि त्याला आता सांगणं भाग पडलं. त्याने तिला पाठमोरीलाच सांगितलं. चेहरा समोर नसला की बोलायची त्याला सवय होती. झोपून उठलं की काय होतं ते सांगितलं, नळ, आणि ती आत असेल असं वाटणं, आणि मग कळणं. ‘‘म्हणून मी झोपत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘रोज मारावं लागतं तिला.’’ मुलीने चादर झटकून पसरली, कोपरे खोचले.

‘‘मी इथेच आहे,’’ ती म्हणाली. ‘‘उठलात आणि कळलं, तर मी असेन. एकट्याला कळायला नको.’’

तो आडवा झाला. कापूस त्याच्याखाली सावकाश बसला. इतक्या गाद्या शिवल्या, आणि गादीवर पडल्यावर कसं वाटतं हे तो विसरून गेला होता. पाठीचे मणके एकेक करून सुटले. बाहेर किल्लीवाल्याचं यंत्र घरघरत होतं, थांबत होतं. बोटं अजून हवेत दोरा शोधत होती, वरून, खालून, अर्धंच टोक. त्याला वाटलं, आपण आत्ता दचकून उठू. आणि तेवढ्यात त्याला झोप लागली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. छताला एक जुना पाण्याचा डाग होता, तो तिथेच होता. बाहेर कुणीतरी दार ओढून घेतलं. त्याला तहान लागली होती. पाणी प्यावं असं वाटलं, उठून प्यावं असं वाटलं, गादी जरा डोक्याकडे उंच झाली आहे असं वाटलं, आणि हे सगळं वाटून झाल्यावर मग त्याच्या लक्षात आलं की कुणी काही सांगायला आलं नाही. ती नव्हती, हे त्याला माहीत होतं. डोळे उघडले तेव्हाच माहीत होतं, डाग बघितला तेव्हा माहीत होतं. ते मागाहून आलेलं नव्हतं, त्याच्याबरोबर झोपलं होतं आणि त्याच्याबरोबर उठलं होतं. दुखत होतं, चांगलंच दुखत होतं, पण धक्का नव्हता. तो दचकला तो याच गोष्टीने. ती पापणी लवण्याइतकी सकाळ, जिच्यात ती आत असायची, ती गेली होती. दिवसातून तेवढी एकच घटका ती जिवंत असायची आणि आता तीही मिळणार नव्हती. त्याला वाटलं आपण काहीतरी देऊन टाकलं, न विचारता. आणि तो तसाच पडून राहिला, काय दिलं ते मोजायला नको म्हणून.

मग न बोलावता ते आलं. तो काहीच शोधत नव्हता. ‘आपण तिघं होणार’ असं तिने सांगितलं तो दिवस, तो वळसा घालून गेलेला, हातात दाभण. तिथे गादी नव्हती. ती स्टुलावर बसली होती, भिंतीच्या गुळगुळीत जागेला टेकून, दोन्ही पाय समोर लांब सोडलेले, आणि हसत नव्हती. घाबरली होती. दाभण खाली ठेवा असं म्हणाली ते यासाठी, की तिचा हात पुढे आलेला होता, त्याचा हात धरायला. एवढं सगळं त्याच्याजवळ होतं. इतके दिवस तो दारं ठोठावत होता आणि ते आतच होतं, शांतपणे, निजलेलं. त्याने हात जोडले नाहीत, कुणाचं नावही घेतलं नाही, पण त्याचं अंग आभाराने भरून गेलं. कुणाचे आभार ते त्याला सांगता आलं नसतं. तिचे, मुलीचे, मला माहीत नाही म्हणणाऱ्या बाईंचे, भिंतीआडच्या त्या फटकळ माणसाचे, आणि झोपेचे, जिला त्याने महिनाभर दारात उभं ठेवलं होतं आणि जी तरी आली होती.

मुलगी स्टुलावर बसली होती. डोळे लाल होते.

‘‘कळलं?’’ तिने विचारलं. ती त्याची वाट बघत होती, कंबर कसून.

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘म्हणजे, मला माहीतच होतं. उठलो तेव्हा माहीत होतं.’’

मुलगी मान खाली घालून आपल्या तळहातांकडे बघत राहिली, आणि मग अगदी बारीक आवाजात, लहानपणी दोरा काढून घेतल्यावर बोलायची तसं म्हणाली, ‘‘माझं अजून नाही झालं, बाबा. मला रोज पहाटे कळतं. गजर होतो, आणि मला वाटतं आईला फोन करायचाय, सुट्टी कधी आहे ते सांगायला. मग कळतं. मग मी गाडी काढते.’’

इतके दिवस त्याला वाटत होतं ही बातमी फक्त त्याच्याच दारी येते. दुसऱ्या घरीही कुणीतरी ती रोज पोचवत होतं, अंधारात, एकटीला, आणि तिने आपली सुट्टी त्याला गाठ शिकवण्यात घातली होती. तो उठला. गुडघे वाजले. त्याने चादरीवरच्या आपल्या चुण्या हाताने सपाट केल्या आणि उशी उलटी केली, थंड बाजू वर.

‘‘ये. झोप.’’

‘‘मला नाही येणार झोप.’’

‘‘नको येऊ दे. पाठ टेक.’’

ती आडवी झाली, लहान झाली, गुडघे पोटाशी घेऊन. ‘‘गाठ बघायची होती तुमची,’’ ती पुटपुटली. ‘‘नंतर बघ,’’ तो म्हणाला. तो स्टुलावर बसला. दोऱ्याचा एक तुकडा उचलला, हाताला काहीतरी असावं म्हणून. किल्लीवाला दारातून डोकावला, तोंड उघडलं, बघितलं, आणि तोंड मिटून परत गेला. त्याच्या यंत्राचा आवाज काही पुन्हा आला नाही. मुलीचा श्वास हळूहळू लांबत गेला. गादीवाल्याची बोटं आपलीआपण हलत होती, वरून, खालून, एक वेढा, आणि त्याने खाली बघितलं तेव्हा गाठ बसलेली होती, ओढली की सरकणारी. त्याने ती पुन्हा सोडली. पुन्हा मारली. तिची पापणी हलली की तो थांबायचा आणि पुढे वाकायचा, म्हणजे डोळे उघडतील तेव्हा पहिल्यांदा आपण दिसावं.